वर्षभराचं वाचन कानाने आखावं

गुढीपाडव्याच्या आगेमागे किंवा एक जानेवारीला ओळखीतलं कुणीतरी पुस्तकांची यादी करायला बसतं. यंदा मराठीतले अभिजात ग्रंथ वाचायचेच, असा निश्चय त्यामागे असतो आणि तो मनापासूनचा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यानंतर माझ्या ओळखीत तरी अशा निश्चयांना जोर आला. यादी साधारण एकाच वळणाची असते. आरंभी ‘लीळाचरित्र’, मग ‘ज्ञानेश्वरी’, नामदेव, ‘एकनाथी भागवत’, तुकोबांची गाथा, ‘दासबोध’; तिथून दोनशे वर्षांची उडी मारून हरिभाऊ आपटे, आणि पुढे केशवसुत, मर्ढेकर, ‘कोसला’. आठवड्याला एक पुस्तक, वर्षाला बावन्न. दोन महिने जात नाहीत तोच ‘लीळाचरित्र’ विसाव्या-पंचविसाव्या पानाशी अडतं, ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय अर्ध्यावर राहतो आणि वही कपाटात जाते. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो. चिकाटी उरली नाही, एकाग्रता गेली, मोबाइलने वाचन खाल्लं.

चिकाटीचा प्रश्न यात फार थोडा आहे, असं माझं ठाम मत आहे. आखणीतच गफलत असते. आपण पुस्तकं मोजतो आणि ती एकट्याने, मुकाट्याने, डोळ्यांनी भरभर संपवायची असं गृहीत धरतो. आपल्या भाषेतले बहुतेक थोर ग्रंथ अशा वाचनासाठी घडलेलेच नाहीत. कुणी ते सांगितले, कुणी गायले, कुणी चारचौघांत वाचून दाखवले. लोकांनी ते हप्त्याहप्त्याने ऐकले. तेव्हा अशा ग्रंथांचं वर्ष आखायचं तर कानाला धरून आखावं. ग्रंथ मोजके, वाचन मोठ्याने, सोबतीला एक तरी माणूस आणि रोजची वेळ ठरलेली. मोठ्याने वाचणं ही लहान मुलांची किंवा देवघरातली गोष्ट आहे, हा समज आपण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत करून घेतला आणि त्यातून आपलं मोठं नुकसान झालं.

हे फक्त संतवाङ्मयाला लागू आहे असं कुणी म्हणेल, म्हणून मुद्दाम जोतीराव फुल्यांपासून सुरुवात करतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मधला. ग्रंथ हातावेगळा होत असतानाच जोतीरावांनी त्यातले भाग मुंबई-पुण्यात, ठाण्यात, जुन्नरला, ओतूरला, हडपसरला लोकांना वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवले. ज्यांच्याविषयी ते पुस्तक होतं त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होतं, त्यामुळे ऐकवण्यावाचून ते त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. त्याची वाक्यं म्हणून तशी आहेत. लांबच लांब, एकात एक गुंतलेली, मध्येच चिडणारी, मध्येच वकिलासारखी मुद्दे मांडणारी. डोळ्यांनी वाचताना हीच वाक्यं आपल्याला दमवतात आणि ‘भाषा जुनी आहे’ असं म्हणून आपण पान उलटतो. चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूतून सारा कमी होण्याची आशा सोडून निघालेला एक शेतकरी आहे. तो स्वतःशीच बोलत वाटेला लागतो. पुढे जोतीराव त्याच्या घरात शिरतात आणि तिथली एकूण एक वस्तू, गोठा, चूल, भांडीकुंडी, घाण, अंधार, सगळं नावानिशी सांगत जातात. मनातल्या मनात वाचलं तर ती जंत्री वाटते आणि ती ओलांडून आपण ‘मुद्द्याकडे’ जातो. आवाजात वाचा. प्रत्येक वस्तूपाशी थांबावं लागतं, श्वास पुरवावा लागतो, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की ती जंत्री हाच मुद्दा आहे. एका घरातलं दारिद्र्य झटकन सांगून होत नाही. हे ऐकणाऱ्याला कळतं. चाळणाऱ्याच्या हातून निसटतं.

त्याला जोडूनच ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्यावं. १८८२ साल, बुलढाण्याची एक बाई. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी पन्नासेक पानांचं उत्तर लिहिलं. बाईंचा सगळा रोख समोरच्या पुरुषांशी भांडण्याचा आहे, म्हणून त्या गद्याला कोरी शांतता मानवत नाही. एका बैठकीत, मोठ्याने, शक्यतो बाईच्या आवाजात वाचावं. घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ ऐकत बसावं.

हे दोन्ही ग्रंथ यादीत पुष्कळदा नसतातच, याचं मला नेहमी वाईट वाटतं. अभिजात म्हटलं की ठरावीक घरांतल्या ठरावीक कपाटांतली पुस्तकं पुढे येतात. जनाबाई आणि चोखामेळा यांचा उल्लेख आदराने होतो, पण त्यांच्यासाठी आठवडा राखून ठेवलेला नसतो. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९), बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३), ढसाळांचं ‘गोलपिठा’ (१९७२), दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) ही पुस्तकं ‘दलित साहित्य’ नावाच्या वेगळ्या खणात ठेवली जातात आणि अभिजातांच्या वर्षात त्यांना जागा मिळत नाही. बागुलांच्या कथासंग्रहाला आता साठ वर्षं होऊन गेली. एवढ्या काळानंतरही जे पुस्तक वाचणाऱ्याची झोप उडवतं, त्याला अभिजात म्हणायला आणखी कशाची वाट पाहायची? ज्याच्या घरी जी पुस्तकं कधीच आली नाहीत, त्यांतलं निदान एक त्याने वर्षाच्या आखणीत आधी घालावं, ही माझी पहिली अट आहे. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’ यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वाचक शोधत यावं लागत नाही, एवढंच.

दुसरा प्रश्न क्रमाचा. तेराव्या शतकापासून सुरू करून विसाव्यापर्यंत यायचं, हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की त्यावर कुणी विचारच करत नाही. पण हे ग्रंथ वाचकांच्या हातात त्या क्रमाने आलेले नाहीत. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलं, आणि पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ते भांडार उघडलं. म्हणजे हरिभाऊंनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहायला घेतली तेव्हा मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकाला ठाऊकच नव्हता. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ सत्तावन्नच्या धामधुमीचा, पण तो छापून आला १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. ताराबाईंचं पुस्तक तर विस्मरणातच गेलं होतं, स. गं. माळशांनी ते १९७५ मध्ये पुन्हा लोकांपुढे आणलं. वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी अभ्यासकाच्या सोयीची असते. वाचकाने तिच्या पायऱ्या मोजत चढायलाच हवं असं काही नाही.

मी उलटीकडून यावं असं सांगेन, आणि सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक कुणीही उघडावं आणि कुठलीही टीप न घेता वाचत सुटावं. सत्तावन्ननंतर सासऱ्यांना फाशी झालेली, त्या धक्क्याने सोवळ्याच्या वेडात सापडलेले वडील. नाशिकजवळच्या जलालपूरचं ते घर, जिथे येणारी प्रत्येक गोष्ट आधी पाण्यातून निघायची. मग नारायण वामन टिळकांसारखा कवी, घरात पाय न ठरणारा, हातात पैसा न टिकणारा नवरा. १८९५ मधलं त्याचं धर्मांतर आणि पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, त्यांचं स्वतःचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे गद्य आहे. ओटीवर बसून, शेंगा सोलता सोलता सांगावं तसं ते येतं आणि ऐकणारा कधी हसतो कधी गप्प होतो. दुःखाच्या जागी आवाज चढवायचा नाही हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. चैत्र-वैशाखात, सुट्टीला घरी माणसं असतात तेव्हा, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास हे पुस्तक वाचलं तर पुढच्या सगळ्या वर्षाची सवय त्यातच लागते. ज्यांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही अशी आजी किंवा आजोबा घरात असतील तर अर्धं काम आधीच झालं. परगावी, परदेशी असलेल्यांनी फोनवरून वाचून दाखवावं. ऐकणारा असला की वाचणारा पळवाट काढत नाही.

पळवाटेचा विषय निघाला म्हणून पारायणाबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे वाचनाचं वर्ष पूर्वीपासून आखलेलं आहेच. चातुर्मासात पोथी लागते, गुरुचरित्राचा सप्ताह होतो, ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण गावोगाव बसतं. शेकडो माणसं एका मांडवात एका आवाजात वाचतात. असा सोहळा फार थोड्या भाषांच्या वाट्याला आला असेल. तरीही सात दिवसांत नऊ हजार ओव्या म्हणजे रोज हजारावर ओव्या होतात, आणि त्या गतीने अर्थाशी थांबायला सवड मिळत नाही. मला पारायणाचं पंचांग हवं आहे, त्याची गती नको. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे चार महिने ज्ञानेश्वरीला द्यावेत आणि त्या चार महिन्यांत तीन अध्याय वाचावेत. बारावा, कारण तो लहान आहे, अडीचशेच्या आतल्या ओव्यांचा. मग नववा. आणि मग दोन महिने तेरावा.

तेरावाच का, ते सांगतो. गीतेत ज्ञानाची लक्षणं सांगताना अहिंसा हा एक शब्द येतो आणि श्रीकृष्ण पुढे सरकतो. ज्ञानदेव सरकत नाहीत. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे तो माणूस चालतो कसा, हे ते दाखवू लागतात. पाण्यातून जाताना लाट मोडू नये म्हणून तो हळू पाऊल टाकतो. कमळावर भुंगा जसा केसर चुरगळेल या धाकाने पाय ठेवतो, तसा तो जमिनीवर पाय ठेवतो. मग त्याचं बोलणं, त्याचं पाहणं, त्याचे हात. मांजर आपल्या पिलाला दातांत धरते तेव्हा त्या दातांना जी जपणूक येते, तिथपर्यंत ते जातात. एकवीस-बावीस वर्षांचं आयुष्य मिळालेल्या माणसाने हे कधी आणि कुठे निरखलं असेल! ही सगळी ओळ एका दमात वाचून पुढे गेलं तर उपमांची आरास तेवढी डोळ्यांसमोरून जाते. रोज वीसेक ओव्या, आधी नुसत्या मोठ्याने, मग अर्थ बघून, मग पुन्हा मोठ्याने, अशा वाचल्या तर आपलीच पावलं जपून पडू लागतात. जुन्या रूपांची भीती पहिल्या आठवड्यात असते. तोंडाला त्या ओवीची चाल एकदा बसली की कितीतरी शब्दांचे अर्थ उच्चारतानाच उमगतात, आणि उरलेल्यांसाठी सार्थ प्रती आहेतच. बाकीचे पंधरा अध्याय राहिले तर राहू देत. एकनाथांनी १५८४ मध्ये, ज्ञानदेवांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, हिंडत्या पाठांतून या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या ग्रंथाला माणसांनी इतका वेळ दिला, तिथे आपल्या चार महिन्यांत तीन अध्याय झाले तर ते कमी नाहीत.

तुकोबांचा काळ त्याआधी, ज्येष्ठात. देहूहून पालखी निघते ते पंढरपूरला पोचते ते तीन आठवडे. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि त्यांतले पंचवीस-तीस आपल्याला चालीसकट पाठ असतात; भीमसेन जोशींनी, लता मंगेशकरांनी ते घरोघर पोचवले. त्यामुळे तुकाराम आपल्याला माहीत आहे असं वाटतं. या तीन आठवड्यांत न गायलेले अभंग शोधावेत. १६३० च्या दुष्काळाचे, दिवाळं निघाल्याचे, बायको अन्नावाचून गेल्याचे, स्वतःच्या कवित्वाबद्दल पडलेल्या शंकेचे, आणि विठ्ठलाला धारेवर धरणारे. रेकॉर्डवरचा तुकाराम प्रसन्न आहे. गाथेतला पुष्कळदा रात्रभर जागा आहे.

हरिभाऊंच्या कादंबरीबद्दल माझी वेगळीच सूचना आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ‘पण लक्षात कोण घेतो’ वर्षभर वाचावी, दर आठवड्याला थोडी. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती तशीच प्रसिद्ध झाली. यमूची गोष्ट आहे. ती स्वतःच सांगते आहे, लहानपणापासून. शंकरमामंजींचं घर, दुर्गेचे हाल, मग रघुनाथरावांबरोबर मुंबईचा थोडासा सुखाचा काळ, आणि त्यानंतर वैधव्य आणि केशवपन. आज ती दोन दिवसांत संपवली तर एक करुण, काहीशी पाल्हाळिक गोष्ट हाती येते. त्या वेळच्या वाचकाने यमूबरोबर महिनोन् महिने काढले होते. मधल्या सहा दिवसांत तिचं काय होणार याची घरात, आळीत चर्चा होत असेल. ज्या घरात ती चर्चा चालायची त्याच घरात एखादी यमू आतल्या खोलीत बसलेली असेल. कादंबरीचा पाल्हाळ त्या सहवासासाठी आहे. रविवार ठरवावा आणि पुढचं पान उघडायचा मोह आवरावा. हा मोह आवरणं एकट्याला जमत नाही, दोघांना जमतं.

काही पुस्तकांना हा नियम लावू नये, हेही मान्य करतो. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) एका रात्रीची आहे. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. ही कादंबरी मुकाट्याने, एकट्याने, दार लावून वाचावी. मर्ढेकरांची कविताही माझ्या मते आधी डोळ्यांनीच वाचावी. छापखाना आल्यावर आपल्याकडे एकट्याचं साहित्यही जन्माला आलं आणि त्याला त्याचा एकांत द्यायला हवा. पावसाळ्यातले दोन-तीन दिवस त्यासाठी राखून ठेवले तरी पुरे. दिवाळीत तर दिवाळी अंक येतात आणि ते सोडून जुनं वाचा असं सांगायचा मला धीरही नाही, इच्छाही नाही.

टॉलस्टॉय, होमर, शेक्सपिअर यांना या वर्षात का घेतलं नाही, असं विचारलं जातं. त्यांना पुढचं वर्ष द्यावं. माझ्या परिचयातल्या कितीतरी सुशिक्षित मराठी वाचकांनी ‘ॲना कॅरेनिना’ वाचली आहे आणि ‘लीळाचरित्रा’तली एक लीळा वाचलेली नाही. त्यांना मी दोष देत नाही. पहिली त्यांना सहज मिळाली. दुसरीकडे न्यायला कुणी नव्हतं. मात्र श्राव्य पुस्तकांनी हे काम होईल असं मला वाटत नाही. दुसऱ्याचा आवाज ऐकताना भांडी घासता येतात, गाडी चालवता येते. स्वतःच्या तोंडाने वाचताना दुसरं काहीच करता येत नाही, आणि जुनं मराठी तेवढं लक्ष मागतं.

‘लीळाचरित्र’ शेवटी, माघ-फाल्गुनात. वर्षभर आवाजात वाचण्याची सवय झाल्यावर तेच पुस्तक, जे यादीच्या पहिल्याच आठवड्यात दार लावून घेत होतं, आत घेतं. त्याच्या लीळा लहान आहेत, काही तर पाच-सहा ओळींच्या. चक्रधरस्वामी कुठे उतरले, काय जेवले, बाइसा काय म्हणाल्या, महदाइसेने काय विचारलं, स्वामी हसले की रागावले. पाल्हाळ नाही, वर्णन नाही, कुणी बोलतं आणि कुणी उत्तर देतं. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभट माणसामाणसाकडे गेले, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून विचारून घेतलं, पडताळलं आणि लिहिलं. मूळ प्रत पुढच्या धामधुमीत हरवली आणि भक्तांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. म्हणून एकाच लीळेचे निरनिराळे पाठ मिळतात. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असं, तमक्याच्या आठवणीप्रमाणे थोडं वेगळं, अशी नोंद करून दोन्ही जपलेले असतात. आपल्या गद्याच्या अगदी आरंभी माणसांनी एकमेकांच्या आठवणींचा असा मान राखला, ही मला मोठी अभिमानाची गोष्ट वाटते. तुळपुळ्यांची किंवा कोलत्यांची संपादित प्रत वाचनालयातून आणावी, शेवटचा शब्दकोश जवळ ठेवावा आणि रोज दोन-तीन लीळांपलीकडे जाऊ नये. दोघांनी वाचत असाल तर संवाद वाटून घ्यावेत.

वर्ष इतकं नीट पार पडेल असं नाही. घरात आजारपण येतं, परीक्षा येतात, कामाचा महिना येतो, सोबत वाचणारं माणूस गावाला जातं. गुरुचरित्राच्या सप्ताहात खंड पडू देत नाहीत. या वर्षाला तसा नियम लावू नये. भाद्रपदात बाराव्या अध्यायातच असलात तर तिथेच राहा, तेरावा कार्तिकानंतर घ्या. फाल्गुनात ‘असूड’ चालू असेल तर ‘लीळाचरित्र’ पुढच्या चैत्रात सुरू करा.